नऊ खटके

नेज्का : सही इथं करायची, खाली. पेनही आणलंय मी, म्हणजे पेन नाही ही सबब नको.

वालेंत : पेन ठेव खिशात. आधी गोळ्या झाडतो, मग तुझा कागद.

नेज्का : बाबा, सातला शिकारी मंडळाची सभा आहे. आत्ता साडेचार वाजलेत. सही केलीत तर अध्यक्ष एवढंच वाचून दाखवतील, की वालेंत यांनी वयामुळे शिकारीचा परवाना स्वखुशीनं परत केला. लोक टाळ्या वाजवतील, एखादी बाटली देतील, संपलं. नाही केलीत तर त्या हरणाचं प्रकरण पंचांपुढं जाईल. पहिल्या गोळीपासून शेवटच्या गोळीपर्यंत सगळं. त्र्याहत्तराव्या वर्षी पंचांपुढं मान खाली घालून उभं राहायचंय का तुम्हाला?

वालेंत : वयामुळे म्हणे! गेल्या वर्षी बहात्तर होतं माझं. दोन हरणं, दोन गोळ्या. एका वर्षात हात गळून पडले काय?

नेज्का : गळले नाहीत. थरथरतात.

वालेंत : कुणी पाहिलं?

नेज्का : हरणानं पाहिलं. बिस्त्रानं पाहिलं.

सिरिला : झालं का सुरू? अरे, मी अजून फाटकाचं कुलूपसुद्धा नीट काढलं नाही. हे बघा, पंचवीस वर्षं हे नेमबाजीचं मैदान मी सांभाळते आणि माझा एकच नियम आहे. बंदूक भरलेली आणि माणूस तापलेला, दोन्ही एका वेळी माझ्या मैदानात चालत नाही. कुणाला ओरडायचं असेल त्यानं आत्ता ओरडून घ्या. मग कानाला कापूस लावू.

नेज्का : मला ओरडायचं नाही, सिरिलाकाकू. मला सही हवीय. गावभर सांगत फिरतायत, माझा हात पक्का आहे, नजर पक्की आहे. म्हणून म्हटलं, चला, घोडामैदान जवळच आहे. काकू साक्षीला आहेतच. झाडा तीन गोळ्या आणि बघा स्वतःच्या डोळ्यांनी.

सिरिला : साक्षीला मी आहे, पण आत योता शिजतोय. कोबी करपला तर दोघांनाही तोच खायला घालीन.

वालेंत : सिरिला, तू तरी सांग हिला. माझा हात कधी थरथरलाय?

सिरिला : तू माझ्या लग्नात ग्लास धरला होतास तेव्हा. पण ते ब्लूबेरीच्या दारूमुळे होतं.

नेज्का : हसा. हसा तुम्ही दोघं. माझी कुत्री मातीत आहे.

सिरिला : पोरी, तुझ्यासाठी नाही गं हसले.

नेज्का : सहा वर्षं घातली मी तिच्यात. तीन महिन्यांची असल्यापासून रक्ताचा माग शिकवला. पाऊस पडून धुतलेला, दोन दिवसांचा शिळा माग ती नाकानं उचलायची. ल्युब्लियानाहून लोक फोन करायचे, बिस्त्राला घेऊन या म्हणून. चौऱ्याण्णव जनावरं शोधली तिनं, दुसऱ्यांनी अर्धवट मारून सोडलेली. पंचाण्णवावं माझ्या बापाचं.

वालेंत : मी मुद्दाम सोडलं नाही.

नेज्का : मग काय केलंत? सांगा ना काकूंना. त्यांना नीट कळू दे.

वालेंत : तिला माहीत आहे.

सिरिला : मला दुकानातल्या चार बायकांकडून माहीत आहे, चार तऱ्हांनी.

वालेंत : एकशेदहा मीटर. आडवा उभा होता, मोठा नर. खांद्याच्या मागं नेम धरला, टेकून, नीट. गोळी सुटली आणि तो जागच्या जागी कोसळला. वीज पडल्यासारखा.

नेज्का : आणि मग?

वालेंत : मग काय, पडला होता.

नेज्का : मग यांनी बंदूक ओंडक्याला टेकवली आणि टोपी काढली! जनावराला मान द्यायला! काकू, मला दहा वर्षांची असताना यांनीच शिकवलंय, जो जागच्या जागी पडतो त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. दुसरी गोळी भर आणि नेम धरून थांब. कारण गोळी पाठीच्या मणक्यावर नुसती चाटून गेली तरी जनावर असंच धाडकन पडतं, आणि अर्ध्या मिनिटानं उठून चालायला लागतं. हे उभे टोपी हातात घेऊन. तो उठला, आणि गेला.

वालेंत : गेला.

नेज्का : दोन दिवस शोधलं आम्ही. दुसऱ्या दिवशी दुपारी एका खड्ड्याच्या तळाशी सापडला, पाठ सडायला लागलेली, पण उभा. बिस्त्रा खाली उतरली, त्याला अडवून भुंकत राहिली, तिचं कामच ते. मला वरून नेम मिळेपर्यंत त्यानं शिंग घातलं तिच्या पोटात. हरीण मी मारलं. त्याच्या तोंडात शेवटचा घास, ओकची डहाळी, ती पण मीच ठेवली. आणि बिस्त्राला खांद्यावर घालून वर आणलं, घरच्या अंगणात पुरलं. माग सापडला की ज्यानं गोळी झाडली त्यानं कुत्रीच्या पट्ट्यात डहाळी खोचायची असते. तिच्या पट्ट्यात कुणी खोचली? कुणी नाही!

वालेंत : मी आलो होतो.

नेज्का : माझ्या घराच्या फाटकापर्यंत आलात. आणि फाटकाबाहेरच राहा म्हटलं मी. आजही तेच म्हणते.

सिरिला : बरं, बरं. आता पुरे. वालेंत, मला एक सांग. हंगामाआधीची एक गोळी यंदा झाडलीस का इथं? मला तर तू दिसला नाहीस.

वालेंत : ऑगस्टात गुडघा कापला माझा. महिनाभर दवाखाना, मग काठी. इथला चढ चढवत नव्हता.

सिरिला : म्हणजे नाही झाडलीस.

वालेंत : बंदूक कपाटात होती. कपाटाला कुलूप होतं. काडतुसं माझी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर दारू तोलून हातानं भरलेली. दस्त्यावर माझ्या अक्षरातली पट्टी आहे, ही बघ. शिसं, साडेअकरा ग्रॅम. जी पट्टी तीच गोळी, दुर्बीण तिलाच जुळवलेली. चाळीस वर्षं असंच चाललंय. मग गोळी वर कशी गेली ते मला सांगा कुणीतरी!

नेज्का : नाचता येईना, अंगण वाकडं.

वालेंत : नेज्का, तोंड सांभाळ.

नेज्का : काडतुसं चांगली, बंदूक चांगली, पट्टी चांगली. राहिलं काय मग? बसा. झाडा.

सिरिला : कानाला लावा रे. आणि नेज्का, तू त्या पिवळ्या रेघेमागं. त्याच्या मानेवर श्वास सोडू नकोस.

(तीन गोळ्या. प्रत्येकीच्या मधे बराच वेळ.)

सिरिला : बंदूक उघड. खाली ठेव. आणते निशाण्याचा कागद.

नेज्का : दुर्बिणीतून दिसत असेलच तुम्हाला. मधल्या काळ्यात एकही नाही.

वालेंत : दिसतंय.

नेज्का : मग? अजून काही बोलायचंय? अंगणाबद्दल? इतका वेळ तर सुंभ जळला तरी पीळ जात नव्हता.

सिरिला : दोन युरोचं नाणं द्या कुणीतरी. दे गं. हे बघा. तिन्ही भोकं नाण्याखाली मावतात. तिन्ही! अरे वालेंत, मंडळातल्या विशीतल्या पोरांना टेकूनसुद्धा हे जमत नाही.

वालेंत : वर लागलीयत.

सिरिला : लागलीयत ना वर. थांब, मोजते. जिथं लागायला हवीत त्याच्या वर… नऊ सेंटीमीटर. बरोब्बर नऊ. डावीउजवीकडे केसभरही नाही.

वालेंत : नेज्का, दे तो कागद.

नेज्का : काय?

वालेंत : कागद दे. सही करतो.

नेज्का : आत्ता? एक मिनिट. कागद आत्ताच का?

वालेंत : तुला सही हवी होती ना? पेन कुठंय? मी म्हातारा झालो, हात थरथरतो, डोळ्यापुढं धुकं येतं. लिहिलंयस ना तसं? आण इकडं.

नेज्का : तीन भोकं नाण्याखाली मावतात आणि हात थरथरतो म्हणता? हात थरथरला असता तर एक इकडं, एक तिकडं, एक मातीत गेली असती. मी शिकलेय हे. तुमच्याकडूनच शिकलेय!

वालेंत : तू म्हणत होतीस ते मी कबूल करतोय, तर आता तेही नको?

सिरिला : थांबा रे. वालेंत, गंमत करतोयस का? हे हाताचं काम नाही, दुर्बिणीचं आहे. ही वरची गुंडी कुणीतरी फिरवलीय. एक खटका म्हणजे शंभर मीटरवर एक सेंटीमीटर. नऊ सेंटीमीटर म्हणजे नऊ खटके.

वालेंत : गाडीत आपटली असेल.

सिरिला : आपटली असती तर कुठंही गेली असती. अगदी सरळ वर, मोजून नऊ? बंदुकीला काय आकडे येतात?

नेज्का : कुणी फिरवली?

वालेंत : जाऊ दे गं.

नेज्का : जाऊ दे? माझी कुत्री गेली आणि जाऊ दे? कपाटाची किल्ली कुठं होती? तुम्ही दवाखान्यात होतात. किल्ली आमच्या घरी, फडताळात, साखरेच्या डब्यामागं. आमच्या घरी म्हणजे… गोराझ्द!

वालेंत : नवऱ्याला मधे आणू नकोस.

नेज्का : का नको? दिसेल ते यंत्र उघडून बघायची खोडच आहे त्याला. घड्याळ उघडलं, मिक्सर उघडला, माझ्या आईचं शिवणाचं मशीन अजून डब्यात सुटं पडलंय. बंदूक दिसली असेल, फिरवून बघितली असेल खट् खट्. थांबा, फोन लावते.

वालेंत : फोन ठेव.

नेज्का : उचलत नाहीये. ठीक आहे. सभेत येणारच आहे तो. तिथंच विचारते, सगळ्यांदेखत. म्हणते, बाबांच्या हाताला तीन आठवडे नावं ठेवली मी, आणि खरा दोषी पहिल्या रांगेत बसून बियर पितोय!

वालेंत : गोराझ्दला बंदुकीचं पुढचं टोक कुठलं तेसुद्धा माहीत नाही. त्यानं हात लावलेला नाही.

नेज्का : तुम्हाला काय माहीत?

वालेंत : माहीत आहे.

नेज्का : मग कुणी लावला?

सिरिला : भांडता कशाला? इथं जी बंदूक जुळवली जाते तिची वहीत नोंद होते. माझी वही असते कशाला? ऑगस्टात पंधरा दिवस मी बहिणीकडे होते, पण वही इथंच दोरीला बांधलेली होती. आणते.

वालेंत : वही राहू दे, सिरिला. योता करपेल.

सिरिला : करपू दे.

वालेंत : सिरिला. इतक्या वर्षांत मी तुझ्याकडे काही मागितलं नाही. वही मिटून ठेव.

नेज्का : म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे कुणी ते. आणि तुम्ही त्याला पाठीशी घालताय. माझ्या कुत्रीला मारणाऱ्याला माझाच बाप पाठीशी घालतोय! उघडा वही, काकू.

सिरिला : ऑगस्ट… सोळा तारीख, कोणी नाही. अठरा, ते दोघं भाऊ. एकवीस… 

नेज्का : काय?

सिरिला : काही नाही. इथं शाई फुटलीय.

नेज्का : काकू, शाई फुटलेली नाही. इकडं द्या.

सिरिला : नेज्का, ऐक—

नेज्का : एकवीस ऑगस्ट. बंदूक, वालेंत यांची. गोळी, तांबं, दहा ग्रॅम. लागते खाली. वर नऊ खटके. सही…

सिरिला : बस गं. बस इथं खुर्चीवर.

नेज्का : मक्यातलं डुक्कर.

वालेंत : हो.

नेज्का : त्या पाहुण्या शिकाऱ्यानं पाय फोडून सोडलेलं. माझी बंदूक दुरुस्तीला होती. रोज मक्यात जायचे बिस्त्राला घेऊन. मंडळानं यंदा तांब्याच्या गोळ्या वाटल्या होत्या, शिसं बंद करायचं म्हणून, त्याच होत्या माझ्याजवळ. हलकी गोळी, ती खाली लागत होती. मी जुळवून घेतली. आठवडाभर वापरली. डुक्कर मिळालं, आणि… बंदूक पुसून कपाटात ठेवली मी.

सिरिला : वहीतलं शेवटचं घर, ‘परत जुळवली’… ते रिकामं आहे.

नेज्का : दिसतंय मला.

सिरिला : आणि पट्टी?

नेज्का : पट्टी बदलायची होती. लिहिलीसुद्धा होती. घरात डिंक नव्हता. म्हटलं, उद्या आणू. मग दुसऱ्या जखमी जनावराचा फोन आला, मग तिसऱ्याचा, डोक्यातूनच गेलं… मी मारलं तिला. बाबा, बिस्त्राला मी मारलं.

वालेंत : गप्प बस!

नेज्का : मीच—

वालेंत : गप्प बस म्हणतो ना! चाप कुणी ओढला? मी. जो चाप ओढतो, गोळी त्याची. गुंडी कुणीही फिरवू दे, भुतानं फिरवू दे. हंगामाआधी एक गोळी मैदानात झाडायची, चाळीस वर्षं मंडळातल्या प्रत्येक पोराच्या कानीकपाळी ओरडलो मी. आणि यंदा गुडघा दुखतो म्हणून नाही झाडली. एक गोळी! काठी टेकत आलो असतो तर सिरिलानं हात धरून वर आणलं असतं.

सिरिला : पाठुंगळीला मारून आणलं असतं.

वालेंत : आणि वर टोपी काढायची घाई. त्यात तुझा काय दोष? तेव्हा सही माझी. तुझं नाव कशाला हवं? तुझं नाव आलं तर माग काढणाऱ्यांच्या यादीतून काढतील तुला.

नेज्का : कुत्री नाही, आणि यादी घेऊन मी काय करू? आणि हे काय चालवलं होतं तुम्ही? लपवणार होतात माझ्यापासून? मी गोराझ्दला चारचौघांत फाडून खाल्लं असतं आणि तुम्ही बघत बसला असतात?

वालेंत : मला दहा मिनिटांपूर्वी कळलं. किल्ली तुझ्या घरी, आणि मोजून नऊ खटके फिरवणारं त्या घरात तुझ्याशिवाय कोण? दहा मिनिटांत जे सुचलं ते केलं.

नेज्का : हे सुचलं? स्वतःला म्हातारा ठरवायचं?

वालेंत : तू तीन आठवडे तेच ठरवत होतीस! तुला माहीत आहे का, तीन आठवडे मी काय करतोय? सकाळी कॉफीचा कप हातात धरतो आणि पितच नाही. बघत बसतो, कॉफी हलते का. सुईत दोरा ओवून बघतो. काल पाच वेळा ओवला. पाचही वेळा गेला, आणि तरी तुझं ऐकून मला वाटलं, नाही, थरथरत असणार, पोरगी खोटं कशाला बोलेल! माझ्याच हातांवरचा विश्वास काढून घेतलास तू माझा. त्याचा राग आहे मला. दुर्बिणीचा नाही.

नेज्का : बाबा…

वालेंत : बाबा बाबा करू नकोस. राग आहे म्हटलं ना. राहू दे थोडा वेळ.

सिरिला : राहू दे त्याचा राग. तीन आठवड्यांचा आहे, लगेच कसा निघेल? मी योता उतरवून येते.

नेज्का : काकू, थांबा. साक्षीला तुम्ही आहात. हा कागद मी उलटा करते. मागची बाजू कोरी आहे. लिहिते: एकवीस ऑगस्टला वडिलांच्या बंदुकीची दुर्बीण मी तांब्याच्या गोळीसाठी नऊ खटके वर घेतली, परत जुळवली नाही, पट्टी बदलली नाही, त्यांना सांगितलं नाही.

वालेंत : त्याखाली लिही, हंगामाआधीची गोळी मी झाडली नाही.

नेज्का : ते तुम्ही लिहा. तुमच्या हातानं.

वालेंत : दे पेन.

सिरिला : अक्षर बघ मेल्याचं. आणि हात थरथरतो म्हणे.

नेज्का : सभेत मी वाचीन. आधी तुमचं नाही, आधी माझं. आणि मग त्यांना काय काढून घ्यायचंय ते घेऊ दे.

वालेंत : वाच. पण त्याआधी ही बंदूक अशीच घरी न्यायची नाही. फिरव गुंडी.

नेज्का : मी?

वालेंत : जिनं फिरवली तिनंच. मोठ्यानं मोज, मला ऐकू येऊ दे.

नेज्का : एक. दोन. तीन. चार. पाच… सहा. सात. आठ.

वालेंत : थांबलीस का?

नेज्का : नऊ.

वालेंत : आता एक गोळी. शिशाची, माझ्या डब्यातली. मी झाडत नाही, तू झाड.

सिरिला : पिवळी रेघ! वालेंत, मागं हो. आणि श्वास सोडू नकोस तिच्या मानेवर.

(एक गोळी.)

नेज्का : कुठं लागली?

सिरिला : जिथं लागायला हवी तिथं. ही घे वही. रिकामं घर भर. तारीख आजची टाक, मागची टाकायची नाही. वहीत खोटं चालत नाही.

नेज्का : भरलं.

वालेंत : साडेपाच झाले. सभेला दीड तास आहे. वाटेत तुझ्या घरावरून जाऊ.

नेज्का : घरी कशाला? गोराझ्दला विचारायचं काही उरलं नाही आता.

वालेंत : गोराझ्दशी काम नाही. माझ्या गाडीत ओकची डहाळी आहे. त्या दिवशी तोडली होती, तिच्या पट्ट्यासाठी.

नेज्का : तीन आठवड्यांपूर्वीची?

वालेंत : पानं झडलीत बरीच. दोनतीन आहेत अजून.

नेज्का : चला. फाटक मी उघडते.